गारगोटीचं पीठ

सारा अष्टमकरला घाणीची किळस लहानपणापासून. कोथिंबिरीची जुडीसुद्धा ती चार-चार पाण्यांतून काढते. अशा बाईच्या वाट्याला नोकरी आली ती धुळीची. रोह्याच्या एका लॅबतर्फे ती कारखान्यांत जाते, कामगारांच्या नाकातोंडात काय जातं त्याचे नमुने घेते आणि तपासणीसाठी तयार करते.

गेल्या साली ती पेणला, रामवाडीच्या पुढच्या एका गिरणीत गेली. तिथे गारगोटी दळतात. पोती भरणाऱ्या मालूच्या कमरेला तिने हवा ओढणारा छोटा पंप बांधला, नळी खांद्यावरून आणून फिल्टरची डबी गळ्याजवळ चिमट्याने अडकवली.

"पाळी सुटेपर्यंत काढू नको हां."

"नाय काढत, बाय."

सारा दुसऱ्या शेडमध्ये जाऊन आली तर मालूची कमर रिकामी. पंप सापडला ऑफिसात, एसीखालच्या कपाटावर गुरगुरत. खाली पोपट नावाचा सुपरवायझर सुरमई खात बसला होता.

"बाईला जड होत होता, मॅडम. म्हटलं, इथे ठेवू. हवा काय, सगळीकडे तीच." बोटं चाटत त्याने खुर्ची पुढे सरकवली. "बसा, तुमचंही ताट सांगितलंय."

सारा बसली नाही. तिने डबीतला फिल्टर काढला आणि त्याच्या ताटाशेजारी टाकला.

"हा तुमच्या ऑफिसचा. तुम्हीच ठेवा."

नवा फिल्टर घालून तिने पंप पुन्हा मालूला बांधला आणि या वेळी तिथून हललीच नाही. पोत्याच्या तोंडातून पिठाचा लोट उठायचा. मास्क असूनही साराच्या दातांत कचकच येई. मालूने तोंडाला नुसता पदर गुंडाळला होता. ती मध्येच खोकली, भिंतीशी थुंकली. पातळ चुन्यासारखी पांढरी थुंकी. साराने तोंड फिरवलं.

"तू त्याला काढू का दिलास गो?"

"त्यानंच काढला. मी काय बोलनार? उद्या कामावर घेयाला व्हवं ना त्यानं!"

दुपारची राहिलेली भाकरी मालूने पदराने झटकली आणि अर्धी पुढे केली. साराच्याने ती घेववेना. मालूने तीही खाल्ली.

लॅबमध्ये साराने फिल्टर वजन करून भट्टीत जाळला, उरलेल्या राखेची वडी दाबली आणि गारगोटी मोजणाऱ्या यंत्रात ठेवली. गारगोटीची धूळ मर्यादेच्या कितीतरी वर निघाली. अहवाल सरकारी निरीक्षकाकडे गेला, गिरणीला पोत्यांवर धूळ ओढणारा पंखा बसवावा लागला. पुढच्या वेळी मात्र गिरणीने दुसरी लॅब धरली. साराच्या साहेबाने गिऱ्हाईक गेल्याचं तिला चारचौघांत ऐकवलं.

परवा पेणच्या बाजारात मालू भेटली. आणखी वाळलेली.

"पंखा चालतो ना?"

"सायेब लोक आलं का चालतो. मंग बंद. लाईटबिल येतं म्हने."

"आणि ती नवी लॅबवाली माणसं?"

"ती ऑफिसातच बसतात. जेवतात, जातात."

 साराने मालूचा हात धरला. खरबरीत, पिठाने भरलेला.

"उद्या सरकारी दवाखान्यात चल. छातीचा फोटो काढू. मी येते बरोबर."

"रोज बुडंल गो माजा."

"बुडू दे. दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहा, मी सकाळीच येते."