बिभीषण ड्रायव्हरच्या अंगातला भैरव

परंड्याच्या पट्ट्यात एके काळी एक कुजबुज होती. बिभीषण ड्रायव्हर दूध संघाची गाडी स्वतः चालवतच नाही, सोनारीचा काळभैरव चालवतो. बिभीषण आपला नुसता चाक धरून बसलेला असतो. देवाच्या मनात असलं तर गाडी सडकेनं जाते, नसलं तर ज्वारीतनं. पुरावा मागाल, तर गाडी ज्वारीत उभी असलेली चार गावांनी पाहिली होती. आमच्याकडं देव सिद्ध व्हायला याच्या निम्मा पुरावा पुरतो.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. बहात्तरचा दुष्काळ आता कुठं विसरायला लागलो होतो, तर पाऊस पुन्हा रुसला. त्या दिवसांत दर दुसऱ्या माणसानं सोसायटी काढली होती आणि दर तिसरा चेअरमन होता. विहिरीत पाणी राहिलं नव्हतं. होतं नव्हतं ते सगळं दुधात गेलं होतं. ते दूध गावोगावचे कॅन उचलून संघाच्या डेअरीवर आणायचं काम बिभीषणचं. माणूस उंच, मिशा भारदस्त, बोलणं कमी आणि हॉर्न जास्त. जाता-येता कॅनांच्या फटीत बाया, म्हातारे, कोंबड्या, एखादी सासरी निघालेली पोरगी, सगळं मावायचं. त्या काळात तलाठ्यापेक्षा ड्रायव्हरला चहा जास्त मिळायचा, त्यावरनं काय ते ओळखा.

पण चाळिशी गाठता गाठता बिभीषण वाळायला लागला. सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. तोंडाला सदा कोरड, आणि प्रत्येक बाभळ दिसली की गाडी थांबवून हा तिच्या मागं. शेवटी गुपचूप बार्शीला जाऊन डॉक्टरला दाखवून आला. डॉक्टरनं रोज सकाळी घ्यायची गोळी दिली. ती ह्यानं चंचीत सुपारीखाली दडवली. बायकोला, म्हणजे सत्यभामेला, सांगितलं नाही. संघात तर नाहीच नाही. कारण संघाचे चेअरमन आण्णासाहेब, त्यांच्या साडूचा मुलगा लायसन खिशात घालून रोज डेअरीच्या कट्ट्यावर येऊन बसायचा. बिभीषण नुसता खोकला तरी त्याचे डोळे चमकायचे. चाक गेलं असतं तर बिभीषणकडं उरला असता तो एक खडकाचा तुकडा, ज्यावर कुसळसुद्धा विचार करून उगवायचं.

आता आमच्या गावात दुखणं लपतं, थकवा लपत नाही. तो पहिल्यांदा दिसला तात्यारावला. तात्याराव संघाचं ग्राहक भांडार सांभाळायचा. साबण, काडेपेटी, चहा ही त्याची वरवरची विक्री. खरा जीव आरोग्याच्या मालावर. हा माणूस तुम्हाला रामराम घालायच्या आधी तुमची जीभ बघायचा.

"बिभीषणराव, गाडीची सर्व्हिसिंग करता, अंगाची कधी करणार?"

"अंग चाललंय की."

"चाललंय कुठलं, ढकललंय तुमी ते! ड्रायव्हरच्या अंगात इंजिनाची उष्णता शिरती. खालनं शिरती आन डोळ्यातनं निघती. आज न्हाय काढली तर उद्या नजर जाईल. नजर गेल्यावर संघ ठिवतोय व्हय तुमाला?"

संघाचं नाव काढताच बिभीषण दुकानाच्या पायरीवर बसला. उठला तेव्हा हातात बिबळ्याच्या लाकडाचा पेला होता. त्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी अनशापोटी प्यायचं; वर तासभर अन्नाला शिवायचं नाही. पुढच्या खेपेला कारल्याची पूड आली, रक्त धुवायला. तीही अनशापोटी, तिच्यावरही तासभर काही नाही. मग जांभळाच्या बियांचं चूर्ण, मग मनगटात तांब्याचं कडं, कमरेला चुंबकाचा पट्टा आणि डोळ्यांवर काळाभोर गॉगल. गॉगल घातल्यावर बिभीषणला पुलाचा कठडा आणि म्हैस यांत फरक राहिला नाही. म्हैस निदान बाजूला व्हायची.

सत्यभामा चुलीपुढं भाकरी थापून बसायची.

"अवो, जेवता का?"

"थांब जरा, पेल्याचा तास चाललाय."

"आता?"

"आता कारल्याचा सुरू झाला."

"मंग भाकरीचा तास कवा हाय? का तिला पण तात्यारावाच्या दुकानात लावून यिऊ?"

तेवढ्यात निघायची वेळ व्हायची. दूध उन्हात थांबत नाही. बिभीषण उठायचा, चंचीतली गोळी तेवढी न चुकता तोंडात टाकायचा आणि गाडीवर बसायचा. फडक्यात बांधून दिलेली भाकरी दूध डेअरीवर उतरेपर्यंत फडक्यातच.

त्यात रविवारी त्याचा भैरवाचा उपवास. आईनं नवस बोललेला, त्यानं पाळलेला. त्या दिवशी दिवस मावळेपर्यंत चहासुद्धा नाही.

अशाच एका रविवारी सोनारीच्या वाटेवर बिभीषणला दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. डोळे एका जागी लागले, तोंडातनं काहीतरी पुटपुट सुरू झाली, आणि गाडी सडक सोडून सावकाश, अगदी पाहुण्याच्या घरी शिरावी तशी, ज्वारीत शिरून थांबली. मागं कॅनांत बसलेली बनाबाई देवाला निघाली होती. तिनं पुढं येऊन पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

"भैरवनाथाच्या नावानं चांगभलं! आरं, द्येव आला! गाडीवानाच्या अंगात द्येव आला!"

नैवेद्याचा गूळ-खोबरं तिच्या पिशवीत होतंच. तिनं चांगली मूठभर चिमूट देवाच्या तोंडात कोंबली. थोड्या वेळात देवाचा घाम वाळला, थरथर थांबली आणि देवानं विचारलं, "आपुन कुठं हाय?"

झालं. देव आला, नैवेद्य घेतला, निवाला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. रविवार म्हणजे भैरवाचा वार. शंका घ्यायला जागाच ठेवली नव्हती देवानं. मग लोक रविवारी मुद्दाम दुधाच्या गाडीत बसायला लागले, खिशात गूळ आणि मनात प्रश्न घेऊन. बोअरला पाणी कुठं लागेल? म्हैस कधी विणार? सून नांदेल का? बिभीषण थरथरत्या हातानं कुठंतरी दाखवायचा. एकानं त्या दिशेला विहीर खणली आणि खडक लागला. तर सगळ्यांनी त्यालाच झापलं, "द्येवानं बोट दावलं ते बराबर, तुझं खोरं चुकलं."

आणि बिभीषण? तो शुद्धीवर यायचा तेव्हा कपाळाला गुलाल, तोंडात गूळ आणि पायावर कुणाचं तरी डोकं. पहिल्यांदा लाजला. मग त्याच्या ध्यानात आलं की डेअरीच्या कट्ट्यावरनं साडूचा मुलगा उठून गेलाय. आजारी ड्रायव्हरला काढता येतं. देवाला कोण काढणार? बिभीषणनं मिशीवरचा गुलाल झटकला आणि गप्प बसला.

त्यात संघाची निवडणूक आली. आण्णासाहेबांचा देवावर विश्वास बेताचाच, पण देवामागं जाणाऱ्या मतांवर पूर्ण. त्यांनी बिभीषणला दुधाच्या गाडीवरनं उचलला आणि आपल्या जीपवर बसवला. प्रचाराचे दौरे रविवारीच निघायला लागले. बाकीच्या दिवशी, म्हणे, पंचांग बरं नव्हतं.

असंच एका रविवारी पाझर तलावाचं काम चालू होतं तिथनं जीप चालली होती. रोजगार हमीवरच्या बाया खडी फोडत बसलेल्या. बिभीषणला घाम फुटला, डोळे एका जागी थिजले, आणि जीप सडक सोडून सरळ बायांच्या अंगावर निघाली. टोपली, हातोडे, पाण्याच्या घागरी टाकून बाया उधळल्या. जीप खडीच्या ढिगावर चढून बंद पडली. पुढचं चाक जिथं थांबलं तिथं पुतळाबाईच्या पायातनं निसटलेलं जोडवं खडीत रुतलेलं होतं. पाय तिनं ऐनवेळी ओढून घेतला होता.

आण्णासाहेब टोपी सावरत उतरले आणि आधी चहूकडं पाहिलं, माणसं किती जमलीत ते.

"चांगभलं! घाबरू नका, देव आलाय. गूळ आणा कुणीतरी!"

पुतळाबाई बौद्धवाड्यातली. मुकादमालाही सुनवायला कमी न करणारी. ती हातोडा घेऊनच पुढं आली.

"कुणाचा द्येव? आमच्यात न्हाय येत कुणाच्या अंगात. मानूस घामानं भिजलाय, लटालटा कापतोय, आन तुमी नारळ हुडकताय? माझा पाय गेला आस्ता तर तुमचा द्येव पाटी उचलायला येनार हुता का?"

"बाई, तोंड सांभाळ. चेअरमनशी बोलतीस."

"मंग चेरमनसायब, तुमी तरी चाक सांभाळा की. असल्याला कशापायी बसवलंय?"

कुणीतरी गूळ दिलाच. बिभीषण भानावर आला. पुतळाबाई त्याच्या तोंडासमोर उभी.

"भाऊ, तुला द्येव दिसतो का न्हाय मला म्हाईत न्हाय. मी दिसले का तुला?"

बिभीषणनं खडीत रुतलेल्या चाकाकडं पाहिलं. "न्हाय, बाई."

"मंग उतर खाली."

तो उतरला. चालत घरी गेला. जाऊन चंची सत्यभामेपुढं ओतली. सुपारीतनं गोळ्या निघाल्या. सत्यभामेनं आधी त्याच्या बापाचा उद्धार केला, मग तात्यारावच्या, आणि मग दुसऱ्याच दिवशी पेला, पूड, चूर्ण, कडं, पट्टा सगळं फडक्यात बांधून नवऱ्याला बार्शीला नेला. डॉक्टरच्या टेबलावर फडकं सोडलं.

डॉक्टरनं लाकडी पेला उचलला. "हे कशाला?"

"इंजिनाची उष्णता काढायला," बिभीषण म्हणाला.

डॉक्टरनं पेला खाली ठेवला. "गोळी घेतल्यावर जेवायचं, असं मी सांगितलं होतं का नव्हतं?"

"सांगितलं हुतं. पर बाकीची सगळी अनशापोटी हुती ना. भाकरीला जागाच निगंना."

"आन रविवारी तर पान्याचा घोट न्हाय," सत्यभामा म्हणाली. "म्या म्हनत हुते, ह्यो द्येव नेमका भुकेल्या पोटालाच कसा येतोय!"

"ऐका," डॉक्टर म्हणाला. "पोटात भाकरी असल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही. थरथर सुटली, घाम आला, की गाडी बाजूला आणि गूळ तोंडात. हे जमणार नसेल तर ड्रायव्हरकी आजच सोड. तू एकटा नाही मरणार."

बिभीषण तसाच आण्णासाहेबांकडं गेला आणि सगळं सांगून टाकलं. आण्णासाहेबांनी उठून दार लावून घेतलं.

"हे अजून कुणाला बोललास?"

"न्हाय."

"बोलू नको. अरे, आजार माणसाला असतो. तू आता माणूस राहिला नाहीस."

"आण्णासाहेब, ती बाई मेली आस्ती."

"मेली का? नाही ना? मग! देवानंच वाचवली. उलट हे सभेत सांगायला पाहिजे."

पुढच्या रविवारी मोठी सभा होती. बिभीषणनं सकाळी गोळी घेतली आणि आईचा नवस मोडून, पिठलं आणि ज्वारीच्या दोन भाकरी, वर कांदा, असं ऐसपैस जेवला. मग जीप चालवली. सडकेची कड एकदाही सुटली नाही. आण्णासाहेब सारखे मागं वळून ज्वारीकडं बघत होते. सभेत हलगी सुरू झाली. लोकांनी गूळ, नारळ, प्रश्न सगळं तयार ठेवलेलं. बिभीषणला मधोमध उभा केला. हलगी वाढली. बिभीषण उभा. ऊन वाढलं. बिभीषण उभा. शेवटी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यानं एक दमदार ढेकर दिली.

"द्येव आज उशीर लावतोय," कुणी तरी म्हणालं.

"द्येव न्हाय येनार," बिभीषण म्हणाला. "म्या जेवून आलोय."

बनाबाईनं कपाळावर हात मारला. "आगागा! द्येवाच्या आधी जेवलास? रविवारचा?"

आण्णासाहेब निवडून आले, ते काय यायचेच होते. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी बिभीषणला जीपची किल्ली मागितली. कारण दिलं, प्रकृती बरी नाही, अशा माणसाच्या हाती संघाची गाडी देणं लोकांच्या जिवाला धोक्याचं. बेशुद्धीत माणसांवर गाडी घालत होता तोवर तो संघाला चालला. जेवून, शुद्धीत, सडकेनं चालवायला लागला तेव्हा आजारी ठरला. त्याच्या जागी साडूचा मुलगा आला. त्याच्या उजव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं. पण साडूचे दोन्ही डोळे धडधाकट होते, तेव्हा संघानं ते चालवून घेतलं.

बिभीषण भांडला नाही. बेंबळीला मेव्हण्याच्या पिठाच्या गिरणीवर जाऊन बसला. तिथं चाक पट्ट्यावर फिरतं, कुणाच्या अंगावर जात नाही. सत्यभामा वेळेवर भाकरी नेऊन द्यायची आणि तो खाईपर्यंत समोरनं हलायची नाही.

सोनारीकडं आजही म्हातारी माणसं सांगतात, बिभीषणनं रविवार मोडला म्हणून भैरव त्याला सोडून गेला. भैरव सोडून गेला नाही, कारण आलाच नव्हता. बिभीषणला साखरेचा आजार होता. तो गोळी घेऊन उपाशीपोटी गाडी चालवायचा, आणि अंगातली साखर पार उतरली की गूळ मिळेपर्यंत शुद्ध हरपायची.