बुटांसकट मातीत

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, तेही मध्ये न थांबता. लोकांना वाटतं हा शांत, एकट्याने करायचा खेळ आहे. माझ्या पहिल्या शर्यतीत शिट्टी झाली आणि दोन-तीनशे माणसं एकदम तलावात घुसली. कुणाची तरी टाच माझ्या चष्म्यावर बसली आणि काच डोळ्याच्या खोबणीत रुतली. मागच्याने माझ्या पोटऱ्या धरून मला खाली ओढलं आणि माझ्या पाठीवरून तो पुढे गेला. मीही हात मारताना कुणाच्या तरी दातांवर मारला असणार, कारण बाहेर आलो तेव्हा बोटाची सालं निघाली होती. कुणाशी भांडण नव्हतं. तोंडात स्वतःच्या नाकातल्या रक्ताची चव घेऊन मी सायकलवर बसलो आणि मला फार बरं वाटलं.

हे बरं वाटणं माझ्या गावाकडच्या दोस्ताला समजावून सांगणं मला कधी जमलं नाही. खरं तर मला पोहायला त्यानेच शिकवलं. आमचं गाव कडेगाव तालुक्यात. आम्ही दोघं शाळेत असताना त्याने मला विहिरीच्या काठावरून पाठीत लाथ घालून ढकललं होतं आणि वर उभा राहून ओरडला होता, "हात मार, न्हाईतर मर!" मी हात मारले. पुढे तो तालमीत गेला, मी पुस्तकात. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. परीक्षेच्या दिवसांत आमच्या रानाला पाणी पाजायला माझ्याऐवजी तो जायचा. पदवी मिळाली, साताऱ्यात नोकरी मिळाली, ती आई-वडिलांच्या कष्टांनी आणि त्याच्या त्या मदतीने. हे मी विसरलो नाही. तरी गेली काही वर्षं रविवार सायकलने खाल्ला होता. गावातली लग्नं, बारशी, मैदानं सगळं रविवारी, आणि मी यवतेश्वरचा घाट चढून वर ओकत असायचो.

मैदान म्हणजे आमच्याकडे कुस्त्यांचं मैदान. दोस्ताचा गुडघा गेल्यापासून तो पंच म्हणून आखाड्यात उभा राहतो. आमच्या गावच्या जत्रेच्या मैदानाला तो मला दरवर्षी बोलवायचा आणि मी दरवर्षी कारण सांगायचो. गेल्या वर्षी त्याने फोनवर एवढंच विचारलं, "तुज्या त्या शर्यतीत तुला बगायला कोण येतं रं?"

"कोणी नाही."

"मग तुजी गत आमच्या म्हशीसारखीच झाली की. तीबी एकटीच पवती."

तो हसला, पण त्या हसण्यात राग होता. मी ठरवलं, या वेळी दोन्ही साधायचं. मोठ्या शर्यतीला तीन आठवडे उरले होते. वर्षभराची तयारी त्या एका सकाळसाठी होती. शरीर कुठेही दुखावू नये म्हणून मी ऑफिसातला जिनासुद्धा जपून उतरत होतो. जत्रेच्या दिवशी पहाटे साताऱ्याहून निघायचं, कराडवरून गावापर्यंत सायकल मारायची, म्हणजे लांबचा सराव होईल, आणि दुपारी मैदानाला बसायचं.

वाटेत उसाच्या ट्रॉल्यांनी दोनदा मला रस्त्याखाली घातलं. एका ढाब्यावरची कुत्री मागे लागली, त्यांतल्या एकाच्या तोंडावर मी पंप हाणला. गावात शिरलो तेव्हा मैदान भरलं होतं. सायकल देवळाच्या भिंतीला टेकवली आणि तशाच कपड्यांत, तशाच बुटांत, गर्दीच्या अगदी पुढच्या रांगेत जाऊन बसलो. दोस्ताने आखाड्यातून मला पाहिलं. फेट्याखालून हसला. माझ्या घट्ट काळ्या चड्डीकडे बघून शेजारचा म्हातारा म्हणाला, "आवं, तुमची जोड कुनासंगं?" सगळे हसले आणि मीही हसलो. फार दिवसांनी मी त्यांच्यात बसलो होतो.

शेवटची कुस्ती आमच्या गावच्या मल्लाची आणि नदीपलीकडच्या एका पैलवानाची होती. हलगी अशी वाजत होती की छातीत आदळत होती. दोघांनी एकमेकांच्या मानेवर असे तडाखे मारले की आवाज लाकडासारखा यायचा. आमच्या मल्लाचा कान फाटून रक्त खांद्यावर उतरलं, ते मातीने शोषलं. गर्दी उठून उभी राहिली. मग काय झालं ते खरंच कुणाला नीट दिसलं नाही. दोघे एकमेकांवरून उलटले, माती उडाली, आणि दोस्ताने शिट्टी मारून परक्या पैलवानाचा हात वर केला. आमच्या माणसाची पाठ मातीला लागली होती, असा त्याचा निकाल. स्वतःच्या गावात, स्वतःच्या गावाविरुद्ध.

क्षणभर हलगीसुद्धा थांबली. मग एक नारळ आला आणि त्याच्या खांद्यावर फुटला. मागून माणसं खाली उतरायला लागली. लाऊडस्पीकरवरचा माणूस सांगत होता, "पाहुण्यांनी खाली बसून घ्यावं, पाहुण्यांनी खाली बसून घ्यावं." कुणी बसलं नाही. पंधरा-वीस जणांनी दोस्ताला घेरलं. पहिल्या ठोशाने त्याचा फेटा उडाला. दुसऱ्याने भुवई फुटली. तो खाली गेला, तरी हात वर करून "पाठ लागली, पाठ लागली" एवढंच म्हणत होता. म्हटलं की लाथ बसत होती.

मी उठलो. तीन आठवड्यांवरची शर्यत मला आठवली, हे मी लपवत नाही. आठवली आणि मी पळालो. दोघांना कोपराने बाजूला फेकलं, एकाला मानगुटीला धरून मागे ओढलं. दोस्ताच्या अंगावर आडवा पडणार एवढ्यात कुणीतरी किंचाळलं:

"बुटं! बुटं घालून आलाय ह्यो!"

सगळ्यांचे हात थांबले. मी खाली पाहिलं. सायकलच्या बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकायला टणक खुंट्या असतात. हळद, ताक, तेल घालून महिनाभर मळलेल्या त्या लाल मातीत माझ्या खुंट्यांची भोकंच भोकं पडली होती. मग मी आखाड्याच्या कडेला पाहिलं. तिथे चपलांचा ढीग होता. पंचाला मारायला उतरलेल्या प्रत्येकाने आधी चपला काढल्या होत्या. एकानेही न विसरता.

ज्या गावात मी वाढलो तिथली ही गोष्ट मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी व्हायचं ते झालं होतं. दोस्ताला सोडून सगळे माझ्यावर आले. पोटात गुडघा बसला, श्वास गेला. तोंडात माती गेली, तिला ताकाचा आंबट वास होता. मी हाती लागेल त्याला मारत होतो. एकाच्या नाकाचं हाड माझ्या मुठीखाली सरकलेलं मला कळलं. मग दुधाची गाडी चालवणाऱ्या एका दांडग्या गड्याने मला उचललं आणि खांद्याच्या बाजूने खाली आपटलं. ऊस गुडघ्यावर मोडावा तसा आवाज माझ्या गळ्याखालून आला.

त्या आवाजाने भांडण संपलं. मारणाऱ्यांनाच तो नको होता. मग दोस्ताचा आवाज आला, रक्ताने दोन्ही डोळे मिटलेले: "आरं येड्या, आदी बुटं तरी काढायची हुतीस की रं!"

हाड मोडलं की आमच्याकडे सांगलीचा दवाखाना. दुसरी गाडी नव्हती, म्हणून आम्हाला सांगलीला न्यायचं काम दुधाच्या गाडीवाल्याकडे आलं, म्हणजे ज्याने मला आपटलं त्याच्याकडे. त्याने स्वतःच पुढचं दार उघडलं. मी मध्ये, पलीकडे दोस्त, त्याच्या कपाळाला कुणाचा तरी गमछा. समोर काचेला मोबाइल चिकटवलेला आणि त्यावर भारताची मॅच. विकेट पडली की गाडीवाला स्टिअरिंगवर मूठ आपटायचा आणि गाडी हेलकावे खायची. माझ्या हाडाची दोन टोकं आत एकमेकांवर घासायची.

"गड्या, मॅच बंद कर," मी म्हणालो.

"शेवटची वव्हरं हायती. जरा दम काढ." मग थोड्या वेळाने, नजर रस्त्यावर ठेवून, "लय दुकतंय का?"

"शर्यत होती माझी तीन आठवड्यांनी."

"कुनासंगं?"

"कुणाशी नाही. आपल्या आपल्याशीच."

"मग पडलं कोन?" त्याने खरंच विचारलं. दोस्त पलीकडून म्हणाला, "आज त्योच पडला."

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. फोटो काढून झाला, गळ्याखालचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. त्यांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "कसं लागलं?" गाडीवाला दाराशी उभा होता. मी सायकलवरून पडलो म्हणणार होतो. माझा वेष तसाच होता. पण दोस्त टाके घालून घेता घेता म्हणाला, "मारलं आमाला." दिवसभर त्याला कुणी खोटं बोलायला लावू शकलं नव्हतं, आता काय लावणार.

डॉक्टरांनी वर पाहिलं. "कोणी?"

"मी," गाडीवाला म्हणाला. "बुटं घालून मातीत आलतं साहेब हे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. शिकलेल्या माणसाने असं कसं केलं, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. "बूट घालून? आखाड्यात?" मग मान हलवली, सगळं जसंच्या तसं लिहिलं आणि मी शर्यतीचं विचारल्यावर म्हणाले, "ह्या वर्षी विसरा."

पोलिसांत पुढे मी तक्रार नको म्हणालो. दोस्त मात्र करणार होता आणि त्याने केली. गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं, मग पंधरवड्यात पुन्हा धरलं, कारण पलूसकडच्या एका मैदानाने त्याला मानाने पंच म्हणून बोलावलं होतं. ते मैदान नेमकं माझ्या शर्यतीच्या रविवारी होतं.

उजवा हात गळ्यात अडकवून मी एसटीने गेलो. मैदानात शेजारी दुधाचा गाडीवाला बसला. केस त्याच्यावर होती तरी जागा त्यानेच धरली होती. सकाळपासून मी घड्याळात शर्यतीची वेळ बघत होतो. मग मोठ्या जोड्या लागल्या. आमच्याकडच्या एका पोराने समोरच्याचा हात पाठीमागे पिरगळला, समोरचा वेदनेने दात विचकत होता, आणि मी उभा राहून ओरडत होतो, "सोडू नको! मोड त्याला! मोड!" मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, हाडात कळा जात होत्या आणि मी थांबत नव्हतो. गाडीवाल्याने माझा सदरा धरून मला खाली ओढलं. "बस की रं. हाड निसटंल."

मैदान सुटल्यावर खिशातला फोन काढला. सरावाच्या गटावर फोटो येऊन पडले होते: ओल्या केसांची माणसं, गळ्यात पदकं. शर्यत कधीच संपली होती. ती ज्या वेळी संपली त्या वेळी मी काय करत होतो, ते मला आठवलं. एकाने विचारलं होतं, कसा आहेस?

डाव्या हाताने टाइप करायला वेळ लागला. लिहिलं, "आवाज बसलाय. बाकी ठीक."