पत्रिकेतली बी.ए.

माझ्या लग्नपत्रिकेत माझ्या नावापुढं कंसात 'बी.ए.' छापलेलं आहे. मी बी.ए. नव्हते, फिटर होते. दहावीनंतर भूमच्या आयटीआयात दोन वर्षं लोखंड आवळून धरणाऱ्या व्हाईसपुढं उभं राहून मी कानस चालवली, दोन भाषांचे पेपर देऊन बारावीची समकक्षता घेतली आणि मग वर्षभर एका कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून काढलं. हे सगळं माझ्या सासऱ्यांना माहीत होतं. ते मला बघायला आले तेव्हा वडिलांनी माझे कागद त्यांच्यापुढं ठेवले होते आणि त्यांनी ते चष्मा लावून एकेक करून वाचले होते. त्यांना मुलगी पसंत पडली, शिक्षण पसंत पडलं नाही. मग छापखान्यात बसून त्यांनी शिक्षण बदललं.

पत्रिकांचा गठ्ठा आमच्या घरी आला तेव्हा वडिलांनी वरची एक काढून वाचली. वाचता वाचता त्यांचं बोट त्या कंसावर थांबलं. "ही कोण गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, मी फोन करून विचारते. त्यांनी करू दिला नाही. "ऱ्हाऊ दे. मास्तर माणूस हाय, कायतरी इचार करूनच छापलं असंल." माझे वडील कुणाला भीत नाहीत, पण शिकलेल्या माणसासमोर त्यांचा आवाज खाली येतो. त्या दिवशीही तो खाली आला आणि मला सासरच्या माणसांचा पहिला राग तेव्हा आला. मांडव पडायच्याही आधी.

लग्नानंतर मी सासऱ्यांना सरळ विचारलं. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, तुळजापुरात सगळे गुरुजी. हेडमास्तर होते, आता निवृत्त आहेत. ते म्हणाले, "पुढंमागं करशीलच की. आपल्या घरात बिनपदवीचं कुणी नाही, लोक विचारतात." त्यांच्या आवाजात ओशाळेपणा अजिबात नव्हता. उलट माझ्यावर उपकार केल्यासारखं बोलले.

तेव्हापासून मी त्या घरात बी.ए. होते. पाहुणे आले की कुणीतरी विचारायचं, सूनबाईंचा विषय कोणता? अण्णा सांगायचे, इतिहास. पुढचा प्रश्न कॉलेजचा असणार हे त्यांना माहीत असायचं, म्हणून लगेच म्हणायचे, "सूनबाई, चहा टाक." मी उठून आत जायची. त्या घरात मी जेवढा चहा केला त्यातला निम्मा माझ्या पदवीपायी केला. माझ्या डाव्या अंगठ्यावर पत्र्यानं कापल्याचा व्रण आहे. कुणी विचारलं तर विळी लागली म्हणून सांगायचं, असंही मला सांगण्यात आलं. माझ्या कानसा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेल्या. नवरा हे सगळं बघायचा आणि पेपर वाचायचा.

मी इतकी वर्षं गप्प कशी राहिले? माझी मुलगी लहान होती, हे लोक देतात तसलं उत्तर आहे. खरं म्हणजे खोटं सुद्धा अंगवळणी पडतं.

मग एक दिवस भूमच्या माझ्या जुन्या सरांचा फोन आला. आयटीआयात शिकवणाऱ्याला निदेशक म्हणतात, ते माझे निदेशक होते. म्हणाले, "धाराशिवच्या एका कॉलेजात व्यावसायिक पदवीचा वर्ग सुरू झालाय. आता आयटीआयच्या तासांचे क्रेडिट धरतात. तुझी दोन वर्षं मोजली तर पहिलं वर्ष माफ, थेट दुसऱ्याला बसशील. आणि निदेशकांची भरती निघणार म्हणतात. पदवी असली तर बरं. तुझं वय काय झालं?"

मी वय सांगितलं. हिशोब आम्ही दोघांनी एकदमच केला होता. क्रेडिट धरले तर मी वयाच्या अटीत जेमतेम बसत होते. पहिल्या वर्षापासून सुरुवात केली तर भरती माझ्यासाठी संपली होती. मला पुन्हा वर्कशॉपमध्ये जायचं होतं. तेलाचा वास, लोखंडाचा कीस, सकाळी हजेरीला उभी राहिलेली पोरं, हे सगळं मला हवं होतं आणि इतकं हवं होतं की त्या रात्री जेवण गेलं नाही.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, अण्णांना विचार. मी विचारलं नाही, सांगितलं.

अण्णा म्हणाले, "बी.ए. झालेल्या बाईनं परत कॉलेजात कशाला जायचं?"

हे ते माझ्या तोंडावर म्हणाले. घरात तिसरं कुणी नव्हतं, ऐकवायला पाहुणा नव्हता. त्यांना वेड लागलं नव्हतं, आठवण गेली नव्हती. ते मला बजावत होते, की घरातही हेच चालेल. मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "शिकायचंच असेल तर बाहेरून बी.ए. कर. तीन वर्षं गुपचूप अभ्यास कर, कुणाला कळायचं नाही. ते आयटीआयचं मात्र कुठं बाहेर काढू नकोस." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी दोन वर्षं फेकून द्यायची आणि त्यांच्या एका कंसासाठी नवी तीन वर्षं घालायची.

मी अर्ज केला. सर्टिफिकेट, गुणपत्रकं, शिकाऊ उमेदवारीचा दाखला, सगळं जोडलं. समितीपुढं बोलावणं आलं तेव्हा सकाळच्या एसटीनं धाराशिवला गेले. टेबलामागं तिघं बसले होते. मधल्या प्राध्यापकांनी माझी फाईल उघडलीसुद्धा नाही.

"गुरुजींची सून ना तुम्ही?" त्यांनी विचारलं. "मी गुरुजींच्या हाताखाली शिकलोय. तुमच्या लग्नाला होतो."

मी नमस्कार केला.

"तुम्ही तर बी.ए. आहात."

मी म्हणाले, नाही.

"पत्रिकेत होतं."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "ज्यांच्याकडं आधीच एक पदवी आहे त्यांना ही सवलत नाही. आणि काल गुरुजींचा स्वतःचा फोन आला होता. सूनबाई पदवीधर आहे, तिचा काहीतरी गैरसमज झालाय, कागद परत पाठवा, असं म्हणाले."

मी म्हणाले, "सर, माझ्याकडं बी.ए.ची एक तरी मार्कशीट आहे का? विद्यापीठाला विचारा."

"ते आमचं काम नाही."

"मग मी लिहून देते, मला पदवी नाही म्हणून."

"तुम्ही एक म्हणताय, घरचे मोठे दुसरं म्हणतायत. आम्ही कुणाचं धरायचं? गुरुजींकडून दोन ओळी आणा. प्रवेश सोमवारी बंद होतायत." आणि त्यांनी फाईल माझ्याकडं सरकवली. बाजूच्या दोघांपैकी एकानं मोबाईल काढला. आयटीआयचं सर्टिफिकेट सरकारी शिक्क्याचं होतं, ते कुणी पाहिलं नाही. लग्नाच्या आमंत्रणात वाचलेला कंस मात्र त्यांना पुरावा म्हणून चालला. पदवी आहे हे दाखवायला कागद असतो, पदवी नाही हे दाखवायला काय दाखवायचं?

घरी आले. चपला काढायच्या आधीच विचारलं, "फोन तुम्ही केलात?"

"केला," अण्णा म्हणाले. "तुझ्या भल्यासाठी केला. गावात काय तोंड दाखवू मी?"

"मग मला पदवी नाही असं लिहून द्या."

"माझ्या हातून ते होणार नाही."

"तुमच्याच हातून झालंय ते."

नवरा पेपरमागून म्हणाला, "दोघंही जरा शांत घ्या." 'दोघंही' म्हणाला. फोन त्यांनी केला, पदवी त्यांनी छापली, आणि शांत मात्र दोघांनी घ्यायचं. हे मी त्याला आजतागायत माफ केलेलं नाही.

त्या रविवारी धाकट्या दिरासाठी परंड्याची माणसं यायची होती. मुलीचे वडील आणि मामा. अण्णांनी आधीच निरोप दिला होता, मुलीच्या सगळ्या मार्कशीट घेऊन या. त्याप्रमाणे त्या गृहस्थांनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळं नीट लावून आणलं होतं. अण्णांनी चष्मा लावला आणि एकेक कागद उजेडाकडं धरून बघायला लागले. "बारावीला घसरलेली दिसते," ते म्हणाले. मुलीचे वडील म्हणाले, "त्या साली ती लई आजारी व्हती जी." त्यांचा आवाज खाली आला. तो आवाज मला ओळखीचा होता.

मी चहाचे कप सगळ्यांपुढं ठेवले आणि ट्रे घेऊन उभी राहिले. अण्णा म्हणत होते, "आमच्याकडं शिक्षणाला पहिला मान. ही आमची थोरली सूनबाई. बी.ए. आहे, इतिहास घेऊन." आणि सवयीनं पुढं म्हणाले, "सूनबाई, चहा टाक."

"चहा झालाय अण्णा, तुमच्या पुढ्यातच आहे," मी म्हणाले आणि समोरच्या खुर्चीवर बसले. मी काही ठरवून आले नव्हते. पण बसल्यावर उठावंसं वाटेना. "मी बी.ए. नाही. मी आयटीआय केलंय, फिटर आहे. आता यांच्या मुलीचे कागद बघताय तसे तेव्हा माझेही बघितले होते तुम्ही."

नवऱ्यानं पेपर खाली ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मुलीचे वडील एकदा माझ्याकडं, एकदा अण्णांकडं बघायला लागले. "पर मध्यस्थ तर बीए म्हणला," ते सावकाश म्हणाले. "लग्नाची पत्रिकाबी दावली त्यानं आमाला. तिच्यात छापल्यालं हाय की."

अण्णांनी चष्मा काढून त्याची घडी केली. जन्मभर पोरांची खोटी कारणं पकडलेला माणूस, स्वतःचं कारण शोधायला त्यांना फार वेळ लागला नाही. "छापखान्याची चूक ती," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाची तरी पदवी हिच्यापुढं लागली. तेव्हाच झापला होता मी त्याला."

छापखानेवाला बसस्टँडच्या मागं अजून दुकान चालवतो. पेनानं लिहून दिलं होतं तेच त्या माणसानं छापलं. त्याची बाजू घ्यावी असं मला एक क्षण वाटलं. घेतली नाही.

"बरोबर," मी म्हणाले. "हेच लिहून द्या. आत्ता, पाहुण्यांसमोर."

मी कागद आणि पेन आणून त्यांच्या चहाशेजारी ठेवलं. ते माझ्याकडं जसे बघत होते तसं त्याआधी कुणी माझ्याकडं बघितलं नव्हतं. त्यात नुसता द्वेष होता, आणि तो मला आवडला, कारण निदान तो खरा होता. पाहुण्यांसमोर नाही म्हणता येईना. त्यांनी लिहिलं. अक्षर मोत्यासारखं, काना-मात्रा जागच्या जागी: छापखान्याच्या चुकीमुळे सुनेच्या नावापुढे पदवीचा उल्लेख झाला, प्रत्यक्षात तिने कोणतीही पदवी घेतलेली नाही. खाली सही. शाई वाळायच्या आत मी कागद उचलला.

मुलीच्या वडिलांनी फोल्डर परत मागून घेतला. चहा तसाच ठेवून ते उठले, "कळवतो" म्हणाले आणि त्यांनी कधीच कळवलं नाही. दीर माझ्याशी कित्येक महिने बोलला नाही. त्याचं लग्न पुढं दुसरीकडं झालं. त्या पत्रिकेत कुणाच्याच नावापुढं कंस नव्हता. सासूबाई म्हणाल्या, कागद छोटा होता.

सोमवारी प्राध्यापकांनी त्या चार ओळी दोनदा वाचल्या. मग त्यांनी माझी फाईल उघडली. मला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. पदवीच्या गुणपत्रकावर पहिल्या वर्षाच्या जागी आयटीआयचं नाव छापून आलं आहे, व्यवसाय फिटर असं. भरती निघाली तेव्हा वयाच्या अटीत मी कशीबशी बसले आणि निवड झाली. माळ्यावरच्या कानसांना गंज चढला होता, तो मी रॉकेल लावून काढला. आता रोज सकाळी पोरांच्या हातात कानस देते आणि मनगट सरळ ठेवा म्हणून ओरडते.

अण्णांचं आणि माझं पुढं काही नीट झालं नाही, व्हावं असं मला वाटतही नाही. एका घरात राहतो, लागेल तेवढं बोलतो. पाहुणे मात्र अजून येतात. परवाच त्यांचे एक जुने सहकारी आले होते. अण्णांनी माझ्याकडं न बघता त्यांना सांगितलं, "सूनबाई मोठी जिद्दीची. संसार सांभाळून दुसरी पदवी घेतली तिनं." आणि मला म्हणाले, "चहा टाक."

मी उठले नाही. पाहुण्यांना सांगितलं, पहिली.