मामांचं बेट काही ठरेना

चांदा जिल्ह्यात समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या मामांनी कधी मनापासून मान्य केली नाही. नकाशात नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण ही चूक नकाशाची असावी, फार तर सरकारची, आणि रीतसर अर्ज केला तर दुरुस्त होण्यासारखी असावी, अशा थाटात ते वागत. मूल गावच्या लाकूड-डेपोत ते कारकून होते. जंगलातून बैलगाड्यांवर सागवानाचे ओंडके येत. मामा त्यांना फीत लावून घेर मोजत, पोकळ आहे का म्हणून उलट्या कुऱ्हाडीनं ठोकून पाहत आणि मग खडूनं लिहीत – पहिला दर्जा, दुसरा दर्जा, नाहीतर नुसतीच फाटी, जळणाची. यातले चांगले ओंडके मुंबईला जातात आणि त्यांच्या बोटी होतात, असं नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्यांना सांगितलं. झालं! तेव्हापासून हा माणूस बिघडला. “आपण मोजलेलं लाकूड समुद्रात फिरून राह्यलं बापू,” ते मला म्हणत, “अन् आपण इथी खडूची धूळ गिळून राह्यलो.” मी त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. मॅट्रिकला दोनदा आपटल्यावर त्यांनीच मला डेपोत चिकटवून घेतलं होतं आणि राहायला-जेवायला मी त्यांच्याच घरी होतो. त्यामुळे हे वाक्य मी साधारण रोज वरणभातासोबत ऐकलेलं आहे.

त्यांना एका बेटावर जायचं होतं. मामीला घेऊन, पंधरा दिवसांच्या रजेवर, नुसतं मजेसाठी. आमच्याकडे लोक लग्नाला जात, मयतीला जात, मार्कंड्याच्या जत्रेला जात. मजेसाठी कुणी कुठे जातं हेच कुणाच्या डोक्यात शिरत नसे. मामांचं मात्र जायचं हे नक्की होतं, प्रश्न फक्त कुठल्या बेटावर हा होता. सत्तेचाळीस साली जंगलखात्याचा गोरा साहेब बिऱ्हाड आवरून गेला, तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. लोकांनी खुर्च्या घेतल्या, आरसे घेतले. मामांनी एक भलंमोठं नकाशांचं पुस्तक उचललं. रशियाकडून त्याला वाळवी लागली होती, पण समुद्र शाबूत होते. त्या पुस्तकावर दर रविवारी मामा डेपो भरवत. बेटाभोवती दोरा फिरवून घेर काढायचा, काठावर किती गाठी आहेत ते बघायचं आणि पेन्सिलीनं दर्जा लिहायचा. सिलोन – बुंधा चांगला, पण आधीच फार लोकांचा हात लागलेला. मादागास्कर – घेर अफाट, दोन माणसांना पंधरा दिवसांत उरकणार नाही. मालदीव – सगळी फाटी. बाली एकदा चक्क पहिल्या दर्जात आलं होतं आणि मामी शेव-चिवडा करायला लागली होती. पण तिथल्या लोकांशी बोलायचं काय, या मुद्द्यावर मामांनी ते महिनाभर ठोकून पाहिलं आणि पोकळ ठरवलं. मुंबईच्या एका आगबोट कंपनीकडून त्यांनी पत्र टाकून रंगीत चित्रांची चोपडी मागवली होती. तिच्यातल्या एका पानावर निळं पाणी, पांढरी वाळू आणि वाकलेलं नारळाचं झाड होतं. खाली इंग्रजीत काय लिहिलंय ते मामा कुणाला सांगत नसत. एकदा मी वाचलं, तर ती दाढीच्या साबणाची जाहिरात होती. मी काही बोललो नाही, उगाच कशाला?

बेटावर जाऊन काय करायचं, याचीही यादी तयार होती. वाळूत बसून पाय पाण्यात सोडायचे, हे पहिलं. नारळाच्या झाडावर निदान अर्ध्यापर्यंत चढायचं, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे साहस. आता आमचा डेपो असा, की कुंपणापलीकडे आठवड्यातून एकदा तरी वाघाचे पाय उमटलेले असत आणि मामा स्वतः दोनदा त्याच्या समोरून सायकल हातात धरून परत फिरलेले. मी म्हटलं, “मामा, याहून साहस ते काय असतं?” तर चिडलेच. “वाघ काय, रोजचाच हाय. साहस म्हंजे लाट. मानूस उभा राह्यला पायजे अन् ते डोक्यावरून गेली पायजे.” हे बोलताना त्यांचा आवाज असा हळू होई, की मला हसता येत नसे. खरोखर सांगतो, एवढी मनापासून तहान लागलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तयारीत मात्र त्यांनी घर पिडलं. एका उन्हाळ्यात वैनगंगेची गाडीभर वाळू आणून त्यांनी अंगणात पसरली. डेपोतून आले की सदरा काढून तिच्यात बसत, पाय मिठाच्या पाण्याच्या घमेल्यात, डोळे मिटलेले. आल्या-गेल्याला वाटे, डेपोच्या बाबूच्या टाचांना भेगा पडल्या असतील. दोघातिघांनी तर औषधही सुचवलं. वाळू पायाला लागून घरभर झाली. “अवो, तुमचा समुद्र आंगनात ठेवा ना,” मामी म्हणे, “वरनात काऊन आनता?” पण रागावणं तेवढंच. घमेल्यातलं मीठ संपलं की दुसऱ्या दिवशी तीच मूठभर टाकून ठेवी. मग मामांनी बोट लागण्याचा सराव काढला. आमच्या तळ्यावर, म्हणजे बोडीवर, सोमाजी ढिवर डोंग्यातून मासे धरी. त्याला मामांनी सांगितलं, मला मध्ये ने आणि डोंगा जोरजोरानं हलव. सोमाजी भला माणूस. सांगितलं तेवढं केलं. तिसऱ्या हिसक्याला मामा शिंगाड्याच्या वेलात जाऊन पडले. पाणी कमरेएवढं, पण चष्मा गेला तो गेलाच. सोमाजीनं त्यांना बाहेर काढलं आणि विचारलं, “बाबूजी, समुद्र म्हंजे आपल्या बोडीपेक्षा केवढा मोठा राह्यते?” मामा नाकातलं पाणी शिंकरत म्हणाले, “दुसरा काठ दिसत नाई.” सोमाजीनं जरा विचार केला. “मंग मानूस घरी कसा येते?”

असं चाललं होतं आणि जन्मभर चाललं असतं. पण एका आषाढात डेपोत खात्याचा कागद आला. अंदमानात सरकारी जंगलतोड वाढते आहे, लाकडाची पारख असलेली अनुभवी माणसं दोन वर्षांसाठी पाहिजेत, इच्छा असेल त्यानं नाव कळवावं. अंदमान मामांच्या पुस्तकात कधी दर्जाला आलंच नव्हतं. तुरुंगाच्या जागी मजेला कोण जातं? पण आता तुरुंग राहिला नव्हता, चहूकडे समुद्र होता आणि वर सरकारच न्यायला तयार होतं. मामांनी घरी न सांगता नाव दिलं. श्रावणात हुकूम आला. भाद्रपदात कलकत्त्याहून बोट होती.

हुकूम फोडला शिपायानं आणि गावात पोचवलाही त्यानंच: “बाबूले अंदमानले धाडून राह्यले.” आमच्याकडे अंदमान म्हणजे काय, तर काळं पाणी. संध्याकाळी आम्ही घरी आलो तर अंगण माणसांनी भरलेलं. शेजारणीनं सुतकाच्या घरी आणावं तसं भाकरी-पिठलं झाकून आणलं होतं. एक म्हातारबुवा मामांच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, “होते बाबा मानसाच्या हातून.” मामा समजावू लागले, नोकरी आहे, बढती आहे, तर लोक आणखीच कळवळले, बिचारा घरच्यांसाठी तोंड हसरं ठेवून राह्यला म्हणाले. सोमाजी तर मामांना कोपऱ्यात घेऊन गेला. “बाबूजी, मी साक्ष देतो. त्या दिशी तुमी माह्यासंगं तळ्यावरच होते.”

“कोनत्या दिशी?” मामांनी विचारलं.

“कोनत्याबी.”

मी हसून हसून बेजार झालो. मामाही हसत होते. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर मागितलेलं बेट एकदाचं दारात आलं होतं. लोक गेल्यावर आम्ही ताटावर बसलो. मामीनं वाढलं, चुलीपुढे बसली आणि चुलीकडेच बघत म्हणाली, “तुमी सिलोनले जा, अफ्रिकेले जा, मी गाठोडं बांधून तयार हावो. पन तिथी नाई. तिथी माहे काका गेले.”

पस्तीस वर्षांच्या संसारात मामांनी हे पहिल्यांदा ऐकलं. मामीचे धाकटे काका. रोवणीच्या दिवसांत तळ्याच्या पाण्यावरून भांडण झालं, हातात दांडा होता, समोरचा माणूस मेला. काकांना काळ्या पाण्याची सजा झाली. मामी तेव्हा दहा वर्षांची. काका तिला खांद्यावर बसवून तळ्यावर नेत असत. ते गेल्यावर आज्यानं घरात त्यांचं नाव काढायची बंदी केली आणि ती सगळ्यांनी इतकी पाळली, की काका होते की नव्हते हेच पुढे कळेनासं झालं. “एक मानूस तिथी गेला अन् पुसून गेला,” मामी म्हणाली. “आता तुमी नोका जाऊ.”

मामांनी ताटातला भात शेवटपर्यंत नीट खाल्ला. दुसऱ्या दिवशी डेपोत त्यांनी नकाराचा अर्ज लिहिला आणि मला दोन वेळा वाचून दाखवला, चूक राहायला नको म्हणून. मला मामीचा राग आला. खोटं कशाला बोलू? पंधरा दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका माणसासाठी जित्या माणसाचं एवढंसं सुख अडवायचं, हे मला अन्यायाचं वाटलं. मामा उलट मलाच म्हणाले, “ते भेली बापू. भेल्या मानसाले नाई ओढत नेत.”

त्यांच्या जागी दुसरा माणूस ठरायला खात्यानं चार-पाच महिने घेतले. शेवटी गेला तो आमच्याच डेपोतला वासुदेव, गोंडपिपरीचा, एकटा जीव. त्याला निरोप देताना मी शंख-शिंपल्यांची फर्माईश केली. मामांनी त्याच्या हातात एक चिठ्ठी दिली. तिच्यावर मामीच्या काकांचं नाव, बापाचं नाव आणि गाव एवढंच लिहिलेलं होतं.

वासुदेवाचं पत्र पुढच्या पावसाळ्यात डेपोच्या पत्त्यावर आलं. मामांचा चष्मा घरी राहिला होता म्हणून मीच वाचलं. काका सापडले होते. सजा संपल्यावर त्यांना तिथेच जमीन मिळाली, आपल्याकडच्यासारखेच बांध घालून त्यांनी धान पिकवलं, लग्न केलं, दोन मुली झाल्या, दोघी नांदताहेत. सगळे त्यांना ‘चांदावाले’ म्हणत. बोट लागली की म्हातारा धक्क्यावर जाऊन उभा राही आणि उतरणाऱ्या माणसांना विचारी, चांद्याकडचं कोणी आहे का. कधीच कोणी नसे. वासुदेव फाल्गुनात पोचला. काका पौषात गेले होते.

मी वाचायचा थांबलो. मामा भाद्रपदात पोचले असते. हिशेब आम्हा दोघांना एकदमच कळला. मामा एका ओंडक्यावर बसून राहिले. मग पत्र घडी करून त्यांनी खिशात घातलं.

घरी त्यांनी ते मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. धान, बांध, लग्न, दोन मुली, सगळं वाचलं. धक्क्याचा मजकूर गाळला. आणि म्हणाले, “वारले त्याले बारा वर्सं झाली.”

मामी रडली, पण अंगावरचं ओझं उतरल्यासारखी रडली. काका पुसले गेले नव्हते. त्यांचं घर होतं, शेत होतं. थोड्या वेळानं डोळे पुसून ती म्हणाली, “बारा वर्सं. म्हंजे तुमी गेले असते तरी भेट झाली नसती.”

“नाई.”

“मंग बरं झालं, नाई गेलो.”

“बरं झालं,” मामा म्हणाले.

दिवाळी व्हायच्या आत मामीनं गाठोडं बांधलं. तिच्या दोन चुलतबहिणी तिथे होत्या, तिनं कधी न पाहिलेल्या. त्यांना आपल्याकडचे तांदूळ न्यायचे होते, दोन लुगडी न्यायची होती. मी तिला इतकी उतावीळ कधी पाहिली नव्हती. वाटेत कुठली स्टेशनं लागतात ते ती मला विचारी, लाट अंगावर आली तर डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे ते मामांना विचारी. आणि मामा म्हणत, औंदा रजा नाही. पुढल्या वर्षी म्हणाले, तिथली हवा दमट, तुझ्या गुडघ्यांना सोसायची नाही. मग पेन्शनीत निघाले तेव्हा म्हणाले, बोटी जुन्या झाल्या आहेत. तिथे पाय ठेवल्याबरोबर त्या बहिणी बापाच्या मरणाची तिथी सांगणार, धक्क्याची गोष्ट सांगणार, हे त्यांना दिसत होतं. मलाही दिसत होतं. आमच्यात त्यावर कधी एक अक्षर बोलणं झालं नाही.

एकदा जेवताना मामी थकून मला म्हणाली, “तूच सांग ना बापू यांले. जल्मभर बेट-बेट करत होते. आता माह्या तोंडून हो निंगालं, त हेच नाई म्हनून राह्यले.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

“मामी,” मी म्हटलं, “त्या बोटीत खरंच फार हाल होतात.”

मी जन्मात बोट पाहिलेली नव्हती.