मोरपंखी बाही

सून सोलापूरची. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं नातू सोलापुरात जन्मला आणि बारशाला आम्ही पाहुणे. आमच्याकडं बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही विणत नाहीत, लोकरसुद्धा घरात आणत नाहीत. एरवी मी स्वतःला आधुनिक समजते, पण याबाबतीत गप्प बसले. बातमी आल्यावर घाईघाईनं पांढरी लोकर आणली, अंदाज चुकला आणि गाडीनं कुर्डुवाडी सोडली तेव्हा गुंडा संपला. एक बाही बाकी होती.

मी घाबरले नाही. चादरींचं गाव, घरोघरी सूत. तिथं मूठभर लोकर मिळणार नाही?

आणि मिळायलाच हवी होती. न्हाऊ, मालिश, डिंकाचे लाडू, सगळं विहीणबाईंच्या हातात. आजी म्हणून मिरवायला माझ्याकडं तो स्वेटरच होता. तो घालूनच बाळाला पाळण्यात ठेवायचं, असं मी फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं. एप्रिल महिना आहे, हे कुणी मला सांगायचं धाडस केलं नाही.

बारशाच्या आदल्या दुपारी बाजारात गेले. पहिल्या दुकानदारानं टॉवेल दाखवले. दुसरा सुताचा व्यापारी होता. त्यानं विचारलं, “किती पोती?”

“एक गुंडा.”

“माग किती हायत तुमचे?”

“दोन सुया आहेत,” मी म्हणाले. त्यानं मला बसवून पाणी दिलं.

तिसरीकडं बांगड्यांच्या दुकानात बाई म्हणाल्या, “लोकर? दिवाळीनंतर या की.”

परतताना रिक्षासमोर मेंढरांचा कळप आडवा आला. ढीगभर लोकर अंगावर घेऊन मेंढरं निवांत चालली होती. त्यांचाही मला राग आला.

घरी विहीणबाईंनी माझा चेहरा पाहिला, सगळं ऐकून घेतलं, आत गेल्या आणि मोरपंखी शाल घेऊन आल्या. लग्नात मी त्यांना दिलेली, माझ्या हातची. “ही उसवा की,” त्या म्हणाल्या.

“अहो, तुम्ही वापरत नाही का?”

“वापरते की! थंडीत कूलरला पांघरते. लई झ्याक बसते.”

मी एक पावसाळाभर मान मोडून ती शाल विणली होती. डोळ्यांत पाणीच आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी लगेच उसवायला बसले. विहीणबाईंनी दोन्ही हात पुढं धरले, मी त्यांच्या हातांवर लोकर गुंडाळत गेले. आपण नेमकं काय उसवतोय, याचा विचार मी केला नाही. शालीची लोकर बारीक, चौपदरी घ्यावी लागली. संध्याकाळपर्यंत बाही झाली, शाल अर्धी उरली.

बारशाला नातू पांढऱ्या स्वेटरात आला, एक बाही मोरपंखी. पोरगं लालबुंद होऊन असं किंचाळलं की फोटो निघताच स्वेटर उतरवावा लागला. एका पाहुणीनं विचारलं, “ही एकच बाही अशी कशी?”

मी तोंड उघडायच्या आत विहीणबाई म्हणाल्या, “ती बाही माझी हाय.”

निघताना मी उरलेली शाल पिशवीत टाकत होते, गुंडा करून नेऊ म्हणून. त्यांनी हात धरला. “राहू द्या हितं. तीन महिन्यांनी लेकरू तुमच्याकडंच येणार हाय. माझ्याकडं काय उरतंय?” तिथंच बसून मी शालीचा सुटा काठ बंद करून दिला.

थंडी पडेपर्यंत स्वेटर नातवाला आखूड झाला. पुन्हा काही तो त्याच्या अंगात गेला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात व्हिडिओ कॉलवर नातवाला दाखवत होते. पलीकडं सोलापुरात कूलर घरघरत होता, त्याच्या अंगावर काही नव्हतं. आणि विहीणबाई भर दुपारी, घामाघूम होऊन, अर्धी शाल खांद्यावर घेऊन बसल्या होत्या.