टेकडीवरचा पूर

निवृत्तीनंतर दासगावच्या बाजूला, खाडीजवळच्या गावात घर घ्यावं ही माझी हौस. गाव आखाती पैशाचं. बंगले संगमरवरी, आणि बहुतेक कुलूपबंद. टेकडीवरचा एक विकायला होता. तो दाखवायला तिथली राखणदारीण आली, दातांना मिश्री, कमरेला चाव्यांचा जुडगा.

"पुराचं पाणी हितवर आलेलं," म्हणत तिने भिंतीवर कमरेएवढा हात ठेवला. बायकोने स्वयंपाकघराचं कौतुक केलं, तसा तो हात खांद्यापर्यंत गेला. मी भाव विचारला, तर बाई स्टुलावरच चढली.

"मावशी, इथवर पाणी आलं, तर मग खालचं महाड उरलं कसं?" मी शहाणपणा केला.

बायकोने मला कोपर मारलं आणि विचारलं, "तुम्ही राहता कुठे?"

"हितंच, मागच्या खोलीत. घर इकलं की बघायचं कुठं जायाचं ते." ती स्टुलावरून उतरली. "मालक सांगून गेलाय, आपलंच घर समज. मी समजली."

परतताना दुबईहून मालकाचा फोन आला. घर कसं वाटलं? मी तोंड उघडायच्या आत बायकोने फोन ओढून घेतला.

"घर छान आहे हो, पण भिंतींना ओल फार!"