एक जून नसलेली यादी

आम्ही चौघं बजाजनगरात दहा बाय बाराच्या खोलीत राहायचो. आबा, म्हणजे माझे वडील, वाळूजच्या एका कंपनीत मशीनवर होते, तिन्ही शिफ्टमध्ये. मूळ गाव पिशोर. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, तीही कॉम्प्युटरची. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. गावाकडं कुणी चकव्याचं सांगायला लागलं की मी उठून जायचो. तरी हे लिहितोय, कारण समोर बसून पाहिलंय...

आबांची जन्मतारीख शाळेच्या टीसीवर एक जून. पिशोरात त्यांच्या वयाच्या अर्ध्या लोकांची एक जूनच आहे. मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे. हात पुरला की झाला सहा वर्षांचा, लिही एक जून. आबांचे हात लांब, चौथ्या वर्षीच पुरले. म्हणजे कागदावर वय दोन वर्षं जास्त, आणि रिटायरमेंट दोन वर्षं आधी. धाकट्या बहिणीच्या नर्सिंगची नेमकी तेवढीच वर्षं उरली होती.

आत्याला पक्कं आठवत होतं — "पोळ्याच्या दिशी झाला, शनिवार व्हता." पोळा शनिवारी कोणत्या वर्षी आला ते काढायला मी प्रोग्रॅम लिहिला. पाच वर्षांच्या सगळ्या तारखा ओळीनं, शेजारी वार आणि पंचांगातली तिथी. रविवारची दुपार, आबा शेजारी बसलेले. लीप इयर धरून १८२६ ओळी यायला हव्या होत्या. आल्या १८२१. पाचही वर्षांत एकतीस मेनंतर थेट दोन जून.

"एक जून गेला कुठं?" मी म्हणालो.

"मास्तरनं घातला व्हता, मास्तरसंगं गेला," आबा हसले आणि चहा ठेवायला उठले.

मी एक अक्षर न बदलता परत चालवला — १८२६. आबा कप घेऊन येऊन बसले — १८२१. तीनदा उठवलं त्यांना.

"आरं, गुडघे दुखतेत माझे. काय लावलं हे?"

तिन्ही वेळा तेच. माझ्या ऑफिसातल्या सरांनी कोड ओळ न् ओळ तपासला. त्यांच्या मशीनवर १८२६च, चूक काही नाही.

शनिवारचा पोळा एकाच वर्षी निघाला, टीसीपेक्षा दोन वर्षं पुढं. यादी जोडून आबांच्या कंपनीत अर्ज दिला. एचआरचे साहेब म्हणाले, "आत्याच्या सांगण्यावरून तारीख बदलायची का? टीसी दुरुस्त करून आणा." शाळा म्हणाली, शाळा सोडल्यावर टीसीत बदल होत नाही. मास्तरनं हात मोजून लिहिलं तो पुरावा, आणि जिनं पोर जन्मल्या दिवशी मांडीवर घेतलं तिचं ते ऐकीव...

एकतीस मेला आबांना शाल-नारळ देऊन घरी पाठवलं. त्या पाच ओळी कुठं जायच्या, मला आजही सांगता येत नाही. बहिणीचं नर्सिंग माझ्या पगारावर पूर्ण झालं. आबा पडेगावला एका अपार्टमेंटच्या गेटवर वॉचमन आहेत. तिथं त्यांना कुणी जन्मतारीख विचारली नाही.